दुसरा पक्षी : बजरीगराच्या हाकेचा इतिहास

वडोदऱ्यात दांडिया बाजारातील आमच्या घरी एक आकाशी रंगाचा बजरीगर आहे. बाजारात त्याला 'लव्हबर्ड' म्हणतात. आमच्या घरात तो 'राजा'. २०१८ साली वडील वारले. आईला दुपारी सोबत हवी म्हणून त्यानंतर हा पक्षी आणला. आईचे वय तेव्हा ८२ होते. १९५६ साली बेळगावहून लग्न होऊन ती या घरात आली, ती येथलीच झाली. चार वर्षे ती पिंजऱ्याशेजारी बसून भाजी निवडत असे, जप करीत असे आणि राजाशी बोलत असे. दाराशी कोणी आले की तिचे शब्द ठरलेले असत : 'ये ने, बस ने. चहा टाकते.' हा 'ने' बेळगावचा नव्हे, तो वडोदऱ्याचा. साठ वर्षांत तो तिच्या मराठीत कधी येऊन बसला, हे तिलाही सांगता आले नसते.

२०२२ साली आई गेली. दिवसकार्य आटोपल्यावर एके दुपारी दार वाजले आणि पिंजऱ्यातून घाईघाईने, अर्धवट चिवचिवाटात गुंडाळलेले, पण ओळखू येतील असे शब्द आले : 'ये ने, बस ने.' दाराशी पोस्टमन होता. आमच्या सौ. स्वयंपाकघरात होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या.

त्यानंतर काही महिन्यांत राजाचे वागणे बदलले. तो पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यात बसू लागला. आईच्या खुर्चीकडे तोंड करून एकच हाक पुन्हा पुन्हा देऊ लागला आणि छातीवरची पिसे उपटू लागला. आमच्या नातीने सुचवले की त्याला जोडीदार आणावा. सौ.ना ते मान्य नव्हते. त्या म्हणाल्या, "अहो, त्याच्या तोंडी आईंचे शब्द आहेत. दुसरा पक्षी आला की तो त्याच्याशीच बोलेल, आपल्याशी कशाला बोलेल? मग ते शब्दही गेले." या आक्षेपाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी आम्ही या पक्ष्याविषयी मिळेल ते वाचू लागलो. त्यातून एका गोष्टीकडे आमचे लक्ष वेधले गेले. गेली जवळजवळ दोनशे वर्षे माणसाने हा पक्षी कधी 'जोडी' म्हणून, कधी 'बोलका एकटा' म्हणून पाळला. पण तो हाक कोणाला मारतो आणि का मारतो, याकडे फार उशिरा पाहिले. प्रस्तुत लेखात तोच इतिहास थोडक्यात मांडावयाचा आहे.

बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. त्या खंडाच्या आतील कोरड्या, मोकळ्या प्रदेशात तो थव्याने राहतो. पाऊस आणि गवताचे बी जेथे असेल तेथे थवा जातो. आज येथे, तर महिन्याने शेकडो मैलांवर. पाण्याच्या जागी कधी कधी हजारोंच्या संख्येने हे पक्षी उतरतात. पाऊस झाला की जुन्या झाडांच्या ढोलीत घरटी होतात. मादी चार ते सहा अंडी घालते, सुमारे १८ दिवस ती उबवते, आणि त्या काळात नर तिला भरवतो. पक्षी लहानसा, वजनाने ३० ते ४० ग्रॅमच्या आसपास. मूळ रंग हिरवा, डोके पिवळे, पाठीवर काळ्या लाटा. या लाटांवरूनच १८०५ साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने त्याच्या शास्त्रीय नावात 'उंडुलाटस', म्हणजे लहरींचा, हा शब्द घातला. 'बजरीगर' हे नाव न्यू साउथ वेल्समधील गमिलराय या मूलनिवासी लोकांच्या भाषेतून आले आहे. इंग्रजांच्या कानाने ते निरनिराळ्या प्रकारे टिपले, आणि आपल्या बाजारापर्यंत येताना ते पार गळून जाऊन 'लव्हबर्ड' एवढेच उरले.

हा पक्षी युरोपातील घराघरांत पोहोचला तो जॉन गूल्ड यांच्यामुळे. गूल्ड हे लंडनचे पक्षिशास्त्रज्ञ आणि ग्रंथप्रकाशक. ऑस्ट्रेलियातील पक्ष्यांवर मोठा सचित्र ग्रंथ काढावयाचा म्हणून ते १८३८ साली पत्नी एलिझाबेथसह तिकडे गेले. एलिझाबेथ स्वतः उत्तम चित्रकार होत्या. गूल्ड यांच्या ग्रंथांतील अनेक चित्रे त्यांच्याच हातची. त्यांचे दोन भाऊ न्यू साउथ वेल्समध्ये स्थायिक झाले होते. त्यांपैकी चार्ल्स कॉक्सन यांनी बजरीगराची काही पिले हाताने वाढवली होती. १८४० साली गूल्ड दांपत्य इंग्लंडला परतले तेव्हा हे जिवंत पक्षी त्यांच्या सोबत होते. त्याच वर्षी गूल्ड यांनी या पक्ष्याला 'मेलोप्सिटाकस', म्हणजे गाणारा पोपट, असे प्रजातीचे नाव दिले. एलिझाबेथ पुढच्याच वर्षी, १८४१ च्या ऑगस्टमध्ये, बाळंतपणानंतर वारल्या. कॉक्सन पुढे क्वीन्सलंडला गेले आणि तेथील संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक झाले.

हा तपशील येथे मुद्दाम दिला. युरोपात जिवंत पोहोचलेले हे पहिले ज्ञात बजरीगर रानातून जाळे टाकून पकडलेले नव्हते. ते माणसाच्या घरात, माणसाच्या हाताने वाढलेले होते. म्हणूनच ते माणसाळलेले, निर्भय होते आणि म्हणूनच लोकांना आवडले. पुढे मात्र मागणी वाढली तशी जहाजे भरून रानातले पक्षी जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात त्यांची पैदास स्थिरावली. ऑस्ट्रेलियाने पुढे आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. आज आपल्याकडे पिंजऱ्यात जे बजरीगर दिसतात, ते पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्यांचे वंशज आहेत.

पिंजऱ्यातील पैदाशीतून रंग फुटले. १८७० च्या सुमारास बेल्जियममध्ये पिवळे पक्षी निपजले, आणि त्यानंतरच्या दशकभरात तेथेच आकाशी. मूळ हिरवा रंग दोन गोष्टींनी होतो : पिसांच्या घडणीतून दिसणारा निळा आणि त्यावर पिवळे रंगद्रव्य. ते पिवळे द्रव्य तयार झालेच नाही की पक्षी निळा दिसतो. यामागचे जनुक २०१७ साली संशोधकांनी निश्चित केले. १९१० साली लंडनच्या प्रदर्शनात निळे पक्षी मांडले गेले, तेव्हा पाहणाऱ्यांची झुंबड उडाली. १९२० च्या दशकात जपानमध्ये या निळ्या पक्ष्यांचे वेडच पसरले. प्रिय व्यक्तीला निळी जोडी भेट देण्याची रीत पडली, किमती आकाशाला भिडल्या, आणि थोड्याच वर्षांत तो बाजार कोसळला. इंग्लंडमध्ये १९२५ साली बजरीगर पाळणाऱ्यांची संस्था स्थापन झाली.

'लव्हबर्ड' हे नाव याच काळातील समजुतीला धरून आहे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. ते वेगळ्या प्रजातीचे, आखूड शेपटीचे आणि बरेच भांडखोर. पण दोन पक्षी एका दांडीवर खेटून बसलेले, एकमेकांच्या मानेवरची पिसे साफ करीत असलेले पाहिले की पाहणाऱ्याला त्यात प्रेमी युगुल दिसते. जोडीशिवाय हा पक्षी झुरून मरतो, आणि जोडी एकदा जमली की जन्माची, अशा दोन समजुती त्यातून रूढ झाल्या. दोन्ही अर्ध्याच खऱ्या आहेत. जोड्या जमतात, टिकतात, हे खरे. पण पक्ष्याचे मन एकदाच ठरून कायमचे बंद होत नाही. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात बीजिंग आणि लायडन येथील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मादीने ज्या नराकडे पाठ फिरवली होती, त्याला एक झाकणाची डबी उघडून दाणे काढण्याची युक्ती शिकवली. मादीच्या डोळ्यांसमोर तो डबी उघडू लागला, आणि तिने आधी पसंत केलेल्या नराला ते जमेना. त्यानंतर अनेक मादींची पसंती बदलली. निष्ठेची गोष्ट सांगणाऱ्यांना हे रुचणार नाही. पण एकट्या पडलेल्या पक्ष्याच्या दृष्टीने ही आशेची गोष्ट आहे.

आपल्या जुन्या घरांत बजरीगर नव्हता. तेथे पोपट होता, मिठू होता, आल्यागेल्याला रामराम करणारा राघू होता. मराठीत 'शुकबाहत्तरी'सारखा जुना कथाग्रंथच पोपटाच्या तोंडून सांगितलेला आहे. आमच्या आजोबांच्या वेळी पितळी पिंजऱ्यात पहाडी पोपट असे; त्याची आठवण वडील सांगत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि नंतर १९९१ च्या सुमारास देशी पक्ष्यांच्या व्यापारावर आलेल्या बंदीने ही परंपरा कायद्यापुरती संपली. देशी पोपट पाळणे हा आज गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. रिकाम्या पिंजऱ्यात मग हा परदेशी पाहुणा आला. पण पोपटाकडून असलेली जुनी अपेक्षा आपण त्याच्याकडून तशीच ठेवली : त्याने आपली भाषा बोलावी.

तो बोलतोही. इंग्लंडमधील न्यूकॅसलचा 'स्पार्की' हा बजरीगर १९५८ साली बीबीसीने घेतलेल्या बोलक्या पक्ष्यांच्या स्पर्धेत पहिला आला. त्याला पाचशेहून अधिक शब्द आणि आठ बालगीते पाठ होती. त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. १९६२ साली तो मेला, तेव्हा त्याचे शरीर पेंढा भरून तेथील संग्रहालयात ठेवण्यात आले. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या 'पक' नावाच्या बजरीगराची नोंद गिनेसच्या पुस्तकात आहे : १,७२८ शब्द. तो १९९४ साली गेला. ही संख्या वाचून आम्हीही थक्क झालो. मात्र त्या काळच्या पक्षिपालकांचा सर्वमान्य सल्ला वाचला, तेव्हा कौतुक थोडे ओसरले. सल्ला असा होता : बोलका पक्षी हवा असेल तर कोवळा नर घ्या, तो एकटाच ठेवा, दुसरा पक्षी त्याच्या कानावरही पडू देऊ नका. म्हणजे बोलण्याची किंमत एकटेपणा ही होती. थव्यातल्या पक्ष्याला थवा नाही मिळाला की तो समोर असेल त्याला थवा मानतो आणि त्याचा आवाज उचलतो. ती आपल्या भाषेची आवड नव्हे. समोरच्याला धरून राहण्याची ती धडपड आहे.

हे केवळ आमचे तर्क नाहीत. थव्यातील बजरीगर एकमेकांना एक छोटी हाक देत असतात. हाक सेकंदाच्या अंशाइतकी, पण तिची ठेवण ज्याची त्याची वेगळी. १९९४ साली अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी एकमेकांना अनोळखी असे नर एकत्र ठेवले आणि त्यांच्या हाका मुद्रित केल्या. काही आठवड्यांतच त्यांची हाक एकसारखी झाली होती. २००० साली कॅलिफोर्नियात नर-मादीच्या जोड्यांवर असाच अभ्यास झाला. तेथे आढळले की जोडी जमताना नर हाक बदलतो. मादी आपली हाक सोडत नाही, नर तिची उचलतो. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की ज्याची हाक मुळातच आपल्या हाकेच्या जवळची, अशा नराकडे मादीचा कल अधिक असतो. आमच्या सौ.ना हे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "पक्ष्यांमध्ये तरी नवरा बदलतो म्हणायचे." आई बेळगावहून येऊन 'ने' म्हणू लागली, वडील मात्र शेवटपर्यंत वडोदऱ्याचेच राहिले, हे त्यांच्या मनात असावे. आमच्याकडे त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते.

या शोधांनी आमच्या घरातील प्रश्नाचे स्वरूपच पालटले. राजाने आईचे शब्द उचलले ते आईची आठवण जपण्यासाठी नव्हे, तर ती त्याचा थवा होती म्हणून. आता खुर्चीकडे पाहून तो जी हाक देत होता, तिला उत्तर नव्हते. आपण शब्द जपण्यासाठी त्याला एकटा ठेवायचा, तर ती स्मृती आपली, आणि तिचा खर्च त्याचा. सौ.नी दोन दिवस विचार केला. मग त्याच म्हणाल्या, "आणा. पण आधी एकदा त्याचे बोलणे फोनमध्ये घेऊन ठेवा." नातीने आठवडाभर बसून चार मिनिटांचे मुद्रण केले.

तरीही घाई करून चालत नाही, हेही इतिहासच सांगतो. १९२९ च्या अखेरीस आणि १९३० मध्ये युरोप-अमेरिकेत पोपटांपासून माणसाला होणाऱ्या तापाची साथ पसरली. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पक्ष्यांबरोबर ती आली. न्यूमोनियासारखा हा आजार. त्यावर तेव्हा औषध नव्हते, आणि त्याचा शोध घेणारे काही संशोधकही त्यात दगावले. जानेवारी १९३० मध्ये अध्यक्ष हूव्हर यांनी पोपटांच्या आयातीवर बंदी घातली. पण आयात थांबूनही रोगी सापडत राहिले. कॅलिफोर्नियात कार्ल मायर यांनी तपास केला, तेव्हा कळले की मंदीच्या दिवसांत जोडधंदा म्हणून लोकांनी परसात जे बजरीगर वाढवले होते, त्यांच्यातच हा रोग मुरलेला आहे. पक्षी वरून ठणठणीत दिसत. दाटीवाटी, प्रवास किंवा उपासमार झाली की विष्ठेतून जंतू बाहेर पडत. आज या आजारावर प्रतिजैविके आहेत. पण धडा तोच आहे. बाजारातून आणलेला पक्षी निरोगी दिसतो म्हणून निरोगी असतोच असे नाही. म्हणून नवा पक्षी निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावा, पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवावा, त्याचे दाणे-पाणी आधी जुन्या पक्ष्याचे झाल्यावर मग करावे आणि मध्ये हात धुवावेत.

जोडीदार कोणता घ्यावा, यावर घरात चर्चा झाली. बजरीगराचे लिंग चोचीच्या वरच्या, नाकपुड्यांभोवतीच्या मऊ पट्टीवरून कळते. मोठ्या नराची ती बहुधा निळी असते, मादीची फिकी किंवा तपकिरी. अगदी कोवळ्या पक्ष्यात ओळखणे अवघड. मादी आणली तर पिलांचा प्रश्न येतो. दुकानदार अंड्यांसाठी छोटी मडकी टांगून देतात, आणि मडके दिसले की एरवी शांत असलेली मादी जागेसाठी भांडू लागते. दोन मादी एका पिंजऱ्यात ठेवणे सर्वांत जोखमीचे. दोन नर मात्र सहसा गोडीने राहतात. पैदास आम्हाला करायची नव्हती, म्हणून आम्ही कोवळा हिरवा नर आणला. नातीने त्याचे नाव 'प्रधान' ठेवले.

मे २०२३ मध्ये प्रधान घरी आला. तो माडीवरच्या मागच्या खोलीत राहिला. पहिल्याच सकाळी त्याने हाक दिली आणि खाली राजाने मान वर केली. महिनाभर दोघे एकमेकांना न पाहता बोलत राहिले. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर दोन पिंजरे एकाच खोलीत आणले. आधी दोन टोकांना, मग रोज थोडे जवळ. पिंजऱ्यातला आरसा आम्ही आधीच काढून टाकला होता. आरशातल्या पक्ष्याला धरून बसलेला पक्षी खऱ्या पक्ष्याला सहज जवळ करीत नाही.

आमच्या हातून एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. पिंजरे शेजारी आल्यावर चौथ्या दिवशी दोघे जाळीपाशी येऊन बसले, तेव्हा आम्हाला वाटले की झाले. आम्ही प्रधानला सरळ राजाच्या पिंजऱ्यात सोडले. राजाने त्याला दाण्याच्या वाटीपासून हाकलले, खालच्या दांडीवरून हाकलले, आणि शेवटी पायाला चावला. रक्त आले. दोष राजाचा नव्हता. ते घर त्याचे होते, त्या झोक्यावर, त्या दांडीवर त्याची चार-पाच वर्षे गेली होती. पाहुण्याला यजमानाच्या पलंगावर बसवून आपण यजमानाने राग मानू नये अशी अपेक्षा केली होती.

प्रधानचा पाय बरा होईपर्यंत पुन्हा वेगळे ठेवले. मग नव्या पद्धतीने सुरुवात केली. दोघांनाही आपापल्या पिंजऱ्यातून एकाच वेळी बंद खोलीत मोकळे सोडायचे. पंखा बंद, खिडक्या बंद, आरसे झाकलेले. ती जागा कोणाचीच नाही. जमिनीवर राळ्याची दोन कणसे, एकमेकांपासून हातभर दूर. पहिल्या दिवशी राजा पडद्याच्या दांडीवर बसून राहिला. आठव्या दिवशी दोघे एकाच कणसावर आले. दोन आठवड्यांनी आम्ही दोघांसाठी मोठा, दोघांनाही नवा असा पिंजरा आणला. त्यात दोन वाट्या, दोन पाण्याची भांडी, दोन समुद्रफेसाचे तुकडे, आणि उंचीला सारख्या दोन दांड्या. कोणी वरचा, कोणी खालचा होऊ नये म्हणून. पहिल्या रात्री ते दोन टोकांना झोपले. श्रावण लागण्याच्या सुमारास मधली दांडी दोघांनी वाटून घेतली.

असे प्रत्येक वेळी जमतेच असे नाही. काही पक्षी शेजारी पिंजऱ्यांतच सुखी राहतात, आणि मग दोन पिंजऱ्यांची कायमची सोय करावी लागते. घरात दिवसभर कोणी असेल, पक्ष्याशी बोलत असेल, तर एकटा पक्षीही आनंदात राहू शकतो. राजा चार वर्षे तसाच होता. दुसरा पक्षी हे आपल्या गैरहजेरीवरचे औषध समजून आणला आणि नंतर दोघांकडेही लक्ष दिले नाही, तर एकाच्या जागी दोन एकटे होतात. दुसरा पक्षी आणण्यापूर्वी दोघांची देखभाल पुढची सात-आठ वर्षे आपल्याकडून होणार आहे का, हे घराने स्वतःला विचारावे.

आता शब्दांचे काय झाले ते. राजाने पिसे उपटणे दोन महिन्यांत थांबवले. छाती पुन्हा भरून आली. दार वाजले की तो अजून मान वळवतो. पण 'ये ने, बस ने' हे शब्द २०२३ च्या दिवाळीपर्यंत कमी झाले, आणि नंतर फारच क्वचित येऊ लागले. 'चहा टाकते' तर पूर्णच गेले. सौ.ची भीती खरी ठरली. फोनमधले चार मिनिटांचे मुद्रण नातीने आणखी दोन ठिकाणी उतरवून ठेवले आहे. ते ऐकण्याचे धाडस आम्ही आजवर एकदाच केले.

शब्दांच्या जागी दुसरे काही आले. राजाची पूर्वीची हाक, खुर्चीकडे पाहून तो जी देत असे ती, शेवटी वर चढणारी होती. प्रधानची सपाट, तुटक. आज डोळे मिटून ऐकले तर कोण हाक देतो आहे ते सांगता येत नाही. ती राजाची हाक नाही आणि प्रधानचीही नाही. दोघांनी मिळून केलेली तिसरीच आहे. मेरीलँडच्या प्रयोगशाळेत यंत्रावर जे दिसले, ते आमच्या माडीवर कानांना ऐकू आले.

आम्ही वडोदऱ्याचे, बेळगावचे, इंदूरचे, ग्वाल्हेरचे लोक आपल्या मराठीत दुसऱ्या भाषांचे काय काय मिसळले, याचा हिशेब अनेकदा खंतावून मांडतो. गुजरातीचा 'ने', हिंदीचे वळण, कानडीचा हेल. मातृभाषा पातळ झाली असे म्हणतो. तो विचार चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. भाषा जपली पाहिजेच. पण आईच्या त्या एका 'ने'कडे आता आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. वीस वर्षांची मुलगी परक्या गावात आली, तिच्या हाकेला शेजारणींनी उत्तर द्यावे म्हणून तिने आपली हाक थोडी बदलली, आणि त्यांनीही तिचे काही उचलले असेल. जी हाक राजाने आईकडून घेतली, ती तरी निव्वळ बेळगावची कोठे होती?

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी आल्या. पिंजऱ्यात दोघेही आपल्याच नादात होते; कोणी दखल घेतली नाही. सौ. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ये ने, बस ने. चहा टाकते." मग त्यांनी आमच्याकडे पाहिले. हे शब्द या घरात त्यांच्या तोंडी आम्ही पूर्वी कधी ऐकले नव्हते.